जुनेपणाचे माप

हैदराबादेतील मराठी माणसाला आपल्या जुनेपणाचा अभिमान आहे, आणि तो सकारण आहे. विवेकवर्धिनी १९०७ सालची; पेशकारी-दफ्तरांतली आपली घराणी त्याच्याही आधीची. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपण येथे अल्पसंख्य म्हणून उरलो. तेव्हापासून ‘आम्ही काही कालपरवा आलेलो नाही’ हे वाक्य आपल्या बैठकींत ढालीसारखे वापरले जाते. पण जुनेपणा हा जर हक्काचा आधार मानला, तर जे आपल्याहून जुने, त्यांचे आपण काय लागतो? (चिक्कडपल्लीचा पत्ता लिहिताना आपण रोज एका तेलुगू खेड्याचे नाव लिहीत असतो, हे जाता जाता.)

तेलुगू समाज संख्येने मोठा. त्याचा जुनेपणा आपण मुकाट्याने मान्य करतो. खरी कसोटी लागते ती दुबळ्यांपुढे. त्यासाठी चंद्रपूरकडे पाहावे. परंपरेनुसार हे नगर गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाने वसविले. जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर, बिनबा या वेशींचा दगडी परकोट गोंडांचा. बीरशहाची समाधी आणि महाकालीचे मंदिर राणी हिराईचे. चैत्रात या देवीच्या यात्रेला नांदेड-आदिलाबादकडचे, म्हणजे आपल्याच जुन्या संस्थानातले, भाविक लोटतात. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी हे राज्य घेतले, १८५४ मध्ये ते इंग्रजांकडे गेले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबूराव शेडमाके या गोंड जमीनदारास बंडाबद्दल चंद्रपुरातच फाशी दिले गेले. आपल्या सांगण्यात मात्र गोंड १७५१ ला संपतात. हिराई राणी आपल्या वारशात जमा होते. तिच्या रक्ताची, बाजारात मोहफुले विकणारी बाई ‘आदिवासी कल्याण’ या सदरात जाते.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नव्हे. कॅरिबियन समुद्रातील त्रिनिदाद बेटावर अरिमा नावाचे गाव आहे. युरोपीयांच्या आधीचे लोक बेटावरून नाहीसे झाले, असे ग्रंथ सांगत राहिले. इकडे त्यांचे वंशज दर ऑगस्टात सांता रोसाचा उत्सव करीत राहिले, आपली राणीही निवडत राहिले. सरकारने त्यांच्या सन्मानार्थ सुट्टी दिली ती १३ ऑक्टोबर २०१७ रोजी, आणि तीही एकदाच. १८४५ पासून मजूर म्हणून तेथे गेलेल्या भारतीयांचे वंशज आज त्या बेटावर स्वतःला जुने म्हणवतात. त्यांच्या कष्टांविषयी आम्हांला आदर आहे. पण प्रश्न त्यांनाही तोच आहे.

यावर एक आक्षेप येईल. आपले पूर्वज वकील, शिक्षक, कारकून होते. त्यांनी कुणाचे शेत बळकावले नाही. हे बरेचसे खरे आहे. तथापि जमीन नांगराने जाते त्याहून अधिक कागदाने जाते. १९४० मध्ये जोडेघाटला कोमरम भीम मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने नेमलेल्या हायमेनडॉर्फ या अभ्यासकाचे अहवाल १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. आदिलाबादच्या गोंडांची जमीन कशी गेली, हे त्यांत दिसते. ज्यांच्या नावे ती झाली त्यांत इतरांबरोबर मराठी बोलणारेही होते, आणि त्या मुलखात पटवाऱ्यांच्या दफ्तरी मराठी लेखणीही चालत असे. मारलवाईच्या शाळेत गोंडी मुलांसाठी त्यांच्याच भाषेत वाचनपुस्तके तयार झाली. लिपी देवनागरी, म्हणजे आपलीच. हा दुवा आपण कधी मिरविला नाही. गोंडीला आठव्या परिशिष्टात आजही स्थान नाही. मराठी शाळांसाठी आपण जी निवेदने देतो, त्यांत ‘मराठी’च्या जागी ‘गोंडी’ घालून पाहावे. बहुतेक एकही वाक्य बदलावे लागणार नाही.

पुढे काय करावे, याविषयी आमच्यात एकमत नाही. कोणी म्हणतात, ऋण मानले की पुरे. कोणी म्हणतात, मानलेले ऋण फेडावे लागते, नाहीतर तो निव्वळ शिष्टाचार. आमचा कल दुसऱ्या मताकडे आहे. इंद्रवेल्लीजवळच्या केस्लापूरला पौष अमावास्येस नागोबाची यात्रा भरते. मेस्राम कुळात लग्न होऊन आलेल्या सुनांची तेथे देवापुढे ‘भेट’ करवितात, आणि मगच त्या कुळात पुरत्या धरल्या जातात. याच यात्रेत दरबारही भरतो. त्या दिवशी सरकारी अधिकारी गोंडांच्या गावी जाऊन बसतात आणि त्यांची गाऱ्हाणी ऐकतात.