शीत, भात आणि खानावळ

आपल्या शास्त्रकारांनी लोकव्यवहारातून जे अनेक न्याय उचलले, त्यांपैकी स्थालीपुलाकन्याय हा थेट स्वयंपाकघरातून आलेला आहे. चुलीवरचा भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी सगळे पातेले उपसावे लागत नाही. एक शीत काढून बोटांनी चेपले म्हणजे पुरते. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही आपली म्हण म्हणजे त्याच न्यायाचे घरगुती रूप. म्हण इतक्या सरावाची झाली आहे की, ती कोणत्या अटीवर खरी ठरते हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. एका पातेल्यातली सारी शिते एकाच तांदळाची, एकाच पाण्यात, एकाच आचेवर, एकाच वेळी शिजलेली असतात. म्हणून एक शीत साऱ्यांची साक्ष देऊ शकते. उद्या त्याच चुलीवर, त्याच गृहिणीने, त्याच पोत्यातल्या तांदळाचा चढविलेला भात कसा होईल, याविषयी आजचे शीत मुके आहे. हा न्याय पातेल्यापुरता आहे, स्वयंपाकिणीपुरता नाही.

हे इतके उघड असूनही, बाहेर जेवून नाराज झालेला सुशिक्षित मनुष्य पैसे चुकते करून पायरी उतरता उतरता म्हणतो, “पुन्हा या ठिकाणी पाऊल टाकणार नाही!” हे वाक्य आपल्या मध्यम वर्गाच्या घरांतून इतके ऐकू येते की, त्यात विचार करण्यासारखे काही असेल अशी शंकाही येत नाही. वस्तुतः त्या एका वाक्यात तीन निरनिराळी विधाने दडलेली आहेत. आजचे जेवण वाईट होते, हे पहिले. येथले जेवण वाईटच असते, हे दुसरे. आणि या खानावळीला माझ्या पैशास मुकण्याची शिक्षा झाली पाहिजे, हे तिसरे. पहिले विधान अनुभवाचे आहे. त्याविषयी कोणी हुज्जत घालू नये. दुसरे अनुमान आहे, आणि तिसरा निवाडा. अनुभवापासून निवाड्यापर्यंतची ही मजल आपण पायरी उतरायला लागणाऱ्या वेळात मारतो. जिल्हा न्यायाधीशाला एवढ्या प्रकरणास निदान दोन तारखा तरी लागल्या असत्या.

शहरातल्या मोठ्या उपाहारगृहाच्या बाबतीत या घाईने फारसे बिघडत नाही, हे मला मान्य आहे. तेथे मासळी शीतगृहातून येते, मसाला वजनावर पडतो, एक आचारी आजारी पडला तर दुसरा उभा राहतो. बारा महिने एकच पातेले चुलीवर आहे असे तेथे मानण्यास प्रत्यवाय नाही. पण मांडव्यापासून अलिबाग, रेवदंडा, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन अशी रायगडची किनारपट्टी उतरत हरिहरेश्वरापर्यंत गेले, म्हणजे जी खानावळ भेटते ती बहुधा एखाद्या घराची पडवी असते. घरातल्या दोघीतिघी रांधतात, मुलगा वाढतो, आणि कोठीचा कारभार समुद्राकडे असतो. १ जून ते ३१ जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा तो काळ. त्या दिवसांत पानात आलेली सुरमई बर्फातून आलेली असणार, हे मागवणाऱ्याला ठाऊक असो वा नसो. त्याच सुमारास गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या नेहमीच्या लाँचा पावसामुळे बंद असतात. गिऱ्हाईक रोडावते, आणि गिऱ्हाईक रोडावले म्हणजे आणलेली मासळी आणखी एक दिवस बर्फात राहते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून होड्या बाहेर पडल्या म्हणजेही सगळे दिवस सारखे होतात असे नाही. डोल जाळे पाण्याच्या ओढीवर भरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला जोर असतो, तेव्हा बोंबील, मांदेली, जवळा मुबलक. अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी सुस्तावले की जाळे हलके येते. तेव्हा अमावास्येला जेवलेला आणि अष्टमीला जेवलेला हे दोघे एकाच पडवीत जेवूनही वस्तुतः दोन निराळ्या जेवणांविषयी भांडत असतात.

तांदळाच्या भाकरीचे तर विचारूच नये. ती तव्यावरून पानात आली तर लोण्यासारखी. दहा मिनिटे थांबली की तिचे कातडे होते. तीस पाने होतील असा अंदाज बांधून बसलेल्या घरावर नाताळच्या सुटीत दीडशे माणसे येऊन उतरली, म्हणजे भाकरी आधी थापून रचून ठेवावी लागते. त्या दिवशी ती कातड्यासारखी लागली, याचा अर्थ त्या घराला भाकरी येत नाही असा कसा करता येईल?

काही वर्षांपूर्वी जुलैच्या अखेरीस मी आणि माझे एक सहकारी, ते अर्थशास्त्र शिकवतात, अलिबागच्या दक्षिणेकडच्या रस्त्यावर एका घरगुती खानावळीत जेवलो. सुरमई कोरडी आणि पिसासारखी, भाकरी गार, सोलकढी इतकी पातळ की तिच्यातून वाटीचा तळ दिसावा. जेवण वाईट होते, आणि हे माझे मत आजही कायम आहे. सहकाऱ्यांनी पायरीवरच ते प्रसिद्ध वाक्य उच्चारले. सप्टेंबरात माझे त्या बाजूला पुन्हा जाणे झाले, तेव्हा मी एकटाच तेथे बसलो. बांगडा ताजा होता आणि भाकरी तव्यावरून आली होती. सोलकढी मात्र तशीच पातळ. म्हणजे तीन दोषांपैकी दोन जुलैचे होते आणि एक घराचा. मी मालकीणबाईंना म्हटले, “वहिनी, बाकी सारे उत्तम, पण सोलकढीत नारळ कुठे आहे?” त्या म्हणाल्या, “सर, मुंबईच्या मंडळींना जेवून पुढं गाडीत बसायचं असतं. दाट रस त्यांना बाधतो, म्हणून वाढायची सोलकढी पातळच करतो. तुम्ही आधी बोलला असता तर घरातली दिली असती.” आणि त्यांनी खरोखरच आतून दुसरी वाटी आणली. तिचा रंग पाहूनच नारळाचा पहिला रस कळत होता. जो दोष घराचा म्हणून मी मोजला होता, तो निदान निष्काळजीपणाचा नव्हता. त्यामागे एक हिशेब होता. तो हिशेब मला अजूनही पटत नाही, ही गोष्ट निराळी.

दुसऱ्या जेवणाने पहिले जेवण चांगले झाले नाही, आणि खानावळही काही अपूर्व ठरली नाही. मध्यम प्रतीची, प्रामाणिक खानावळ ठरली. पण एवढे तरी ठरले. येथे ज्ञानाच्या व्यवहारातली एक चमत्कारिक विषमता ध्यानात येते. एखाद्या सामान्य खानावळीत योगायोगाने पहिले जेवण अप्रतिम मिळाले, तर आपण पुन्हा जातो, तिसऱ्यांदा जातो, आणि हळूहळू तिची खरी योग्यता कळते. अवास्तव स्तुती आपले औषध आपल्याबरोबर बाळगते. उलट, चांगल्या खानावळीत योगायोगाने पहिले जेवण बिघडले, तर आपण जातच नाही. त्यामुळे चूक दुरुस्त होण्याचा मार्गच बंद होतो. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, असे आपण त्याला हसण्यासाठी म्हणतो. पण तो निदान ताक पितो तरी, आणि ते गार आहे हे त्याला कळते. मार्क ट्वेनने १८९७ सालच्या आपल्या प्रवासग्रंथात एका मांजरीची गोष्ट सांगितली आहे. तापलेल्या चुलीच्या झाकणावर एकदा बसलेली मांजर पुन्हा तापलेल्या झाकणावर बसणार नाही, हे ठीकच. पण ती गार झाकणावरही कधी बसणार नाही. आपला ताकवाला मांजरीहून शहाणा आहे. समाजात जितके खोटे लौकिक पसरलेले असतात, त्यांत खोट्या दुष्कीर्तीच अधिक टिकाऊ का असतात, याचे एक कारण मला येथे दिसते. हे केवळ खानावळींपुरते आहे असे नाही. वर्गात पहिल्या दिवशी चुकीचे उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षक वर्षभर प्रश्नच विचारीत नाही, आणि मुलगा मठ्ठ असल्याचा त्याचा ग्रह वर्षअखेरपर्यंत अबाधित राहतो.

ह्यूमने १७५७ सालच्या आपल्या अभिरुचीवरील निबंधात सर्व्हांटिसच्या कादंबरीतली एक कथा घेतली आहे. सँको पान्झाच्या कुळातल्या दोघा जाणकारांना एका पिंपातली मदिरा चाखावयास दिली. एक म्हणाला, मदिरा चांगली, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, चांगली, पण लोखंडाची चव लागते. लोक हसले. पिंप रिते झाल्यावर तळाशी चामड्याच्या वादीत ओवलेली एक किल्ली सापडली. रसिकाची जीभ खोटी नसते, हे दाखवण्यासाठी ह्यूमला ही कथा उपयोगी पडली. मला तिच्यातली दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. दोष खरा होता, पण तो द्राक्षांचा नव्हता, मळ्याचा नव्हता आणि मदिरा करणाराच्या हाताचाही नव्हता. कोणाची तरी किल्ली पिंपात पडली होती. त्या जाणकारांनी मळेवाल्याचे दुसरे पिंप चाखण्यास नकार दिला असता, तर त्यांच्या जिभेची प्रशंसा करावी, पण बुद्धीची करू नये.

कोणी म्हणेल, हा तर क्षमेचा उपदेश झाला. मला तसे वाटत नाही. बिशप बटलरने १७२६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवचनांत, नुसती हानी आणि बुद्ध्या केलेला अपकार यांत भेद केला आहे. दीर्घकाळ धरलेल्या रोषाचा खरा विषय अपकार होय, हानी नव्हे, असा त्याचा अभिप्राय. जेथे अपकारच नाही तेथे क्षमेचे प्रयोजन काय? गार भाकरीला क्षमा करणे हे भाकरीवर उपकार करण्यासारखे आहे. दुसऱ्यांदा जाण्यात औदार्य नसते. एकाच साक्षीदाराचे ऐकून उठलेला पंच परत येऊन जागेवर बसतो, एवढाच त्याचा अर्थ.

मात्र हाच भेद दुसऱ्या बाजूलाही कापतो. पापलेटाचे पैसे घेऊन हलकी मासळी वाढणे, परवाचे कालवण तिखटाखाली झाकून देणे, परगावचा मनुष्य पाहून आकडा फुगवणे, येथे मात्र स्थालीपुलाकन्याय पुरा लागू पडतो. लबाडी उधाण आणि भांग पाहत नाही. तिचे पातेले खरोखरच बारा महिने चुलीवर असते. असल्या घराची पायरी पुन्हा न चढणारास मी अन्यायी म्हणणार नाही. घर सुधारले असल्यास ते दाखवण्याचा भार त्याच्यावर आहे, माझ्यावर नाही. अडचण एवढीच की, कोरडी सुरमई निष्काळजीपणाची, नाइलाजाची की लबाडीची, हे नुसते जिभेला कळत नाही. त्यासाठी तोंड दुसऱ्या कामास वापरावे लागते, म्हणजे विचारावे लागते.

आणि नेमके तेच आपण करीत नाही. वाढणारा मुलगा विचारतो, “जेवण कसं झालं?” आपण म्हणतो, “छान!” मग घरी जाऊन दहा जणांना सांगतो, हल्ली तर तळहातावरच्या यंत्रात तारे मोजून हजारांना सांगतो, की तेथे जाऊ नका. आपली सभ्यता ती हीच! आरोपीला आरोप कळू न देता शिक्षा फर्मावणे हे जुलमी राजवटीचे लक्षण म्हणून मी वर्गात शिकवीत आलो आहे. खानावळवालीला गिऱ्हाईक का तुटले हे कधीच कळत नाही; तिला फक्त पडवी रिकामी दिसते. विचारणारास कदाचित उर्मट उत्तर मिळेल. मिळाले तर तोही पुरावाच.

आता एक आक्षेप खरोखर विचार करण्यासारखा आहे. वर्षातून एकदा चार माणसांचे कुटुंब घेऊन, जपून पैसे खर्चून किनाऱ्यावर येणाऱ्या गृहस्थाने आपला एकुलता एक रविवार अशा प्रयोगास का द्यावा? देऊ नये. त्याच्यावर तसे कर्तव्य लादणे दांभिकपणाचे होईल. ‘मी जाणार नाही’ हे म्हणण्याचा त्याला संपूर्ण अधिकार आहे. ‘ते घर वाईट आहे’ हे म्हणण्याचा अधिकार एका जेवणाने मिळत नाही. दुसरे जेवण हे ऋण असेलच तर ते मुख्यतः आम्हा जवळ राहणाऱ्यांचे आहे, कारण पुन्हा जाण्यास आम्हाला जेमतेम दोन तास पुरतात. आणि हे ऋण लहान नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस याच किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. नवी पोफळ लावली तरी ती फळावर येण्यास पाच-सात वर्षे लागतात. ज्या घरांचा संसार वाडीच्या सुपारीवर चालत असे, त्यांना मधल्या काळात पाहुण्यांच्या पानावर अधिकच भार टाकावा लागला. अशा घराविषयी मुंबईत एका जेवणावरून जे बोलले जाते, त्यावर तेथल्या मुलीच्या शाळेची फी अवलंबून असते.

माझे अर्थशास्त्राचे सहकारी अजूनही त्या खानावळीत जात नाहीत. पेट्रोल, वेळ आणि पानाचा दर असा हिशेब ते मांडतात, आणि त्या हिशेबात मला चूक काढता येत नाही. परंतु त्यांच्या सांगण्यात हल्ली एक फरक पडला आहे. कोणी विचारले तर ते म्हणतात, “मी एकदाच जेवलो, जुलैत, बंदीच्या दिवसांत. मासळी वाईट होती.” पूर्वी ते महिना सांगत नसत.