विश्रामबागवाड्यातले पेशव्यांनंतरचे दिवस

पुण्यात थोरल्या बाजीरावांच्या नावाच्या रस्त्यावर दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा उभा आहे. तिथल्या गर्दीतून वाट काढताना मान वर केली, की दर्शनी भागातली लाकडी मेघडंबरी दिसते. रस्त्याच्या बाजूला पुढे आलेला हा कोरीव सज्जा सुरूच्या झाडासारख्या निमुळत्या खांबांनी तोलून धरला आहे. मराठी सुतारकामाचा इतका डौलदार नमुना पुण्यात भर रस्त्यावर दुसरा नाही, असे मला वाटते.

पण हा वाडा नेमका कोणाचा? दुसरा बाजीराव इथे जेमतेम दशकभर राहिला. खडकीच्या लढाईनंतर, नोव्हेंबर १८१७ मध्ये त्याने पुणे सोडले. पुढच्या वर्षी तो इंग्रजांना शरण गेला आणि आठ लाखांच्या वर्षासनावर ब्रह्मावर्तात जाऊन राहिला. वाड्याला दोनशे वर्षे होऊन गेली, त्यांतला पेशव्यांचा वाटा एवढाच. तरीही जुनी वास्तू जतन करायची म्हटले, की तिला पहिल्या मालकाच्या काळात परत नेण्याचाच विचार आधी होतो. मधल्या माणसांची वहिवाट खरवडून काढायची असते, असेच जणू ठरलेले असते. मला हे पटत नाही.

१८२१ मध्ये इंग्रजांनी याच वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. पेशवे विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटत, तिच्याच निधीतून तिचा खर्च चाले. न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, ज्योतिष असे विषय तिथे शिकवले जात, आणि सुरुवातीला प्रवेश फक्त ब्राह्मणांना होता. पुढे याच पाठशाळेतून डेक्कन कॉलेज वाढले.

आणि याच वाड्यात नोव्हेंबर १८५२ मध्ये मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीराव फुले यांचा सरकारतर्फे शाल देऊन सत्कार झाला. मुलींसाठी आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा काढल्याबद्दलचा हा सन्मान होता. पेशवाई बुडून तेव्हा पुरती पस्तीस वर्षेही झाली नव्हती. ज्या घरी शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाचा विचारही कोणी केला नसता, तिथे एका माळ्याच्या मुलाच्या खांद्यावर शाल पडली. माझ्या लेखी विश्रामबागवाड्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस हाच.

इतके वेगवेगळे उपयोग वाड्याने पचवले, त्याचे एक कारण बांधणीत आहे. दगडी जोते, त्यावर लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा, आणि मधल्या भिंती बहुतांशी भरावाच्या. भार सांगाडा पेलतो, म्हणून भिंत हलवली तरी छत खाली येत नाही. चौकाभोवतीच्या सोप्यात कारकून बसोत की विद्यार्थी, उजेड आणि वारा दोघांनाही सारखाच मिळतो. पाठशाळेनंतर इथे शाळा भरली, नगरपालिकेचा कारभार चालला, टपाल कार्यालय आले.

पण याच लाकडाने वाड्यांचा घातही केला. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला. आज तिथे तट, दरवाजे आणि उघडी जोती उरली आहेत. मे १८७९ मध्ये लावलेल्या आगीत बुधवारवाडा संपला आणि त्याच वेळी विश्रामबागचाही पूर्वेकडचा भाग जळाला. तो पुन्हा बांधला गेला. राहते, वापरते घर होते म्हणूनच लोकांना ते उभे करण्याची निकड वाटली असावी. मग आता ‘मूळ’ वाडा म्हणजे १८७९ पूर्वीचा की नंतरचा?

जवळच राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून एक दालन पुन्हा रचले आहे. केळकरांनी ते केले नसते, तर तेही उरले नसते. त्यांचे ऋण मोठे आहे. पण ते दालन आपल्या जागेपासून तुटले. विश्रामबागवाड्याचे भाग्य हे, की तो आपल्या जागीच आहे आणि त्याच्यावरून गेलेले सगळे काळही तिथेच आहेत. म्हणून पुण्याचा इतिहास मांडण्यासाठी ही वास्तू वापरताना वरच्या दिवाणखान्यात पेशव्यांच्या चित्राशेजारी जोतीरावांच्या सत्काराची हकिकत ठळक अक्षरांत हवी. पाठशाळेचे विषय, तिच्या प्रवेशाची अट आणि आगीची तारीख, हेही तिथेच लिहावे, आणि शाळेच्या मुलांना ते वाचायला मुद्दाम नेऊन आणावे.