नदीच्या मधोमध

"ताई नऊ तास नदीकडे बघत बसली होती," मावशी म्हणाली. तिने पावट्याची शेंग अंगठ्याने फोडली, दाणे परातीत टाकले, सालं सुपात. "आणि तू म्हणतेस, काही झालंच नव्हतं."

"नव्हतंच झालं."

नोव्हेंबरात मी एकटी हनोईला गेले होते. पाठीवर एक सॅक, दहा दिवस, जुन्या शहरातल्या हॉस्टेलात आठ जणींच्या खोलीतला वरचा पलंग. वय एक्केचाळीस. निघताना आईच्या फोनवर नकाशात माझं लोकेशन सतत दिसेल अशी सोय करून दिली होती. माझ्या फोटोचा छोटा गोल, मी जाईन तिकडे सरकणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी लाँग बिएन पुलावर उभी असताना मी फोन बंद केला.

हा पूल फ्रेंचांनी १९०२ साली पुरा केला. अमेरिकी विमानांनी १९६७ आणि १९७२ मध्ये तो बॉम्ब टाकून तोडला आणि हनोईकरांनी तो पुन्हा पुन्हा जोडला. मधून रेल्वे, दोन्ही अंगांना दुचाक्या, कडेला सिमेंटच्या लाद्यांची चिंचोळी पायवाट. लाद्यांच्या फटींतून खाली लाल नदीचं गढूळ पाणी दिसतं. सगळ्या देशात वाहनं उजव्या बाजूने चालतात, या एका पुलावर डाव्या. आपल्यासारखी. का कोण जाणे, मला तिथे फार मोकळं वाटलं. फोन बंद झाला, मी पुढे गेले, आणि आईच्या नकाशावरचा माझा गोल होता तिथेच राहिला, नदीच्या मधोमध.

"मावशी, दादा मस्कतला सात वर्षं होता. आठवड्याला एक फोन. तेव्हा कोणी नकाशा घेऊन बसलं नाही."

"नकाशा नव्हता म्हणून. काळजी नव्हती असं कोण म्हणालं? शुक्रवारी त्याचा फोन यायचा, ताई गुरुवारी रात्री झोपायची नाही."

"तेव्हा काळजी तिची ती सांभाळायची. आता यंत्र आलं तर ती कमी व्हायला हवी होती. उलट वाढली, आणि शमवायचं काम माझ्या गळ्यात आलं."

"गळ्यात कोणी घातलं? लोकेशन तूच लावून दिलंस ना? तिने मागितलं होतं?"

मागितलं नव्हतं. मला निर्धास्त निघता यावं म्हणून मी लावून दिलं होतं.

"म्हणजे दिवा तूच लावलास आणि मध्येच फुंकलास. मुळात अंधार असता तर ती अंधाराला सरावली असती. दादाच्या वेळी सरावली तशी."

मी वादाची तयारी करून आले होते, पण ती वेगळ्या मुद्द्यावर. माझा मुद्दा असा होता की सज्ञान माणसाला काही काळ कोणाच्याही ठाऊकीबाहेर राहायचा हक्क आहे. काळजी करणाऱ्याला काळजी करायचा हक्क आहे, कळण्याचा नाही. हे मी मावशीला नीट मांडून सांगितलं. ती शेंगा सोलत राहिली.

"काळजीतून हक्क निघायला लागला," मी म्हणाले, "तर घरात जो सगळ्यात जास्त घाबरतो त्याचं राज्य येईल."

"घरात तेच राज्य असतं. आणि बरं चालतं."

"कोणाचं बरं चालतं? दादाला कोणी अडवलं नाही. मी दहा दिवस निघाले तर तू, आई, शेजारच्या काकू, सगळ्यांना एकदम हनोई कुठे आहे ते शोधावंसं वाटलं. बायकांनीच घाबरायचं आणि बायकांनीच घरी बसायचं."

मावशीने हे ऐकून घेतलं. "हे खरं आहे," ती म्हणाली. "यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण ताईने तुला अडवलं नाही हेही धर. ती स्टेशनवर आली होती. तुझ्या सॅकचा पट्टा तिनेच शिवून दिला."

मग मी माझा हुकमी पत्ता टाकला. "तू पहिल्या वारीला गेलीस तेव्हा? वीस दिवस काकांना तुझा काही पत्ता होता का? फोन तरी कुठे होता?"

"पत्ता होता. दिंडीचा नंबर होता. रथामागची कितवी दिंडी ते घरी लिहून ठेवलं होतं, आणि रात्रीचा मुक्काम कुठे ते सगळ्या जगाला माहीत असतं."

"पण तू काय करतेस, चालतेस की पडलीस, ते नव्हतं माहीत."

"नव्हतं. मीही कोणाशी बोलायचे नाही. अख्खा दिवे घाट तोंडातून शब्द न काढता चढले एकदा. एकटीच म्हण." तिने सूप झटकलं. "पण संध्याकाळी तळावर समाजआरती होते. टाळांच्या गजरात चोपदार दंड वर करतो आणि एवढा समुदाय गप्प होतो. मग काय हरवलं, काय सापडलं ते पुकारतात. माझं नाव कधी पुकारलं गेलं नाही. पण हरवले असते तर पुकारलं असतं. तुला त्या पुलावर कोण पुकारणार होतं?"

"कोणी नाही. तेच हवं होतं."

"मग ते तुला मिळालं. बिल मात्र ताईकडे आलं."

इथे आम्ही बराच वेळ अडकलो. मी म्हणत होते, प्रत्येक स्वातंत्र्याचं बिल कोणाकडे तरी जातंच, म्हणून काय कोणी उंबरा ओलांडू नये? ती म्हणत होती, ओलांड, पण बिल कोण भरतंय ते बघून ओलांड. मी म्हणाले, बघितलं तर पाय निघत नाही. ती म्हणाली, माझा निघाला होता. तीन वेळा हेच शब्द फिरून आले. शेवटी परातीत दाण्यांचा ढीग झाला आणि मावशीने विषयच सोडला.

"बरं, ते जाऊ दे. पहिल्या दिवशी काय केलंस ते सांग. वाद नको."

मी सांगितलं. विमानतळावरून ८६ नंबरची बस. जुन्या शहरातले रस्ते, एकेका धंद्याच्या नावाचे: हांग बाक चांदीचा, हांग गाई तागाचा. आपल्याकडच्या तांबट आळी, कासार आळीसारखे. रस्ता ओलांडायचा म्हणजे थांबायचं नाही आणि पळायचंही नाही, एका लयीत चालत राहायचं. दुचाक्या तुम्हाला वळसा घालून जातात. अंड्याच्या बलकाची कॉफी, जी १९४६ साली दुधाच्या टंचाईतून निघाली. कप गरम पाण्याच्या वाटीत ठेवून देतात. आणि फुटपाथवर, गुडघे छातीला लागतील इतक्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून खाल्लेलं शाकाहारी सूप. शाकाहाराला तिथे 'आन चाय' म्हणतात, आणि मला दर वेळी चहाची तल्लफ येते.

"सूपवाली काही बोलली?"

"तिने फोनवर भाषांतर करून पहिलाच प्रश्न विचारला: तुमचं वय किती?"

"हे असं पहिल्याच दमात?"

"विचारावंच लागतं. त्यांच्या भाषेत तुम्ही-आम्ही बहुतेक नात्यानेच चालतं. समोरची थोडी मोठी असेल तर ती 'चि', थोरली बहीण, आणि मग बोलणारी स्वतःला 'मी' म्हणत नाही, 'एम' म्हणते, धाकटी. आत्याच्या वयाची असेल तर 'को', आणि आपण 'चाउ', भाचरू. कोरडा 'मी' आहे त्यांच्याकडे, 'तोइ', पण रोजच्या बोलण्यात तो परका वाटतो. माझं वय कळल्यावर ती हसली आणि मला चि म्हणाली."

मावशी शेंग हातात धरून थांबली. "म्हणजे तिथे 'मी' म्हणायच्या आधी समोर कोण आहे ते ठरवावं लागतं?"

"हो."

"आणि तू तिथे गेलीस स्वतःला शोधायला."

ती हसली नाही, म्हणून ते जास्त लागलं. मी म्हणाले, "मावशी, ती बहीण आणि आई यांत फरक आहे. तिच्यासाठी मी चि होते, पण रात्री मी परत आले की नाही याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. हलकं नातं. पायात न येणारं."

"देणंघेणं काहीच नव्हतं?"

इथे खोटं बोलता आलं असतं. सूप चाळीस हजार डाँगचं, म्हणजे आपले सव्वाशे-दीडशे रुपये. मी वीस हजाराच्या दोन निळ्या नोटा देऊन निघाले. त्यातली एक वीस हजाराची नव्हती, पाच लाखांची होती. दोन्ही नोटा निळसर, दोन्हींवर हो चि मिन्ह. ती बाई ओला हात झग्याला पुसत गल्लीच्या टोकापर्यंत धावत आली, नोट माझ्या मुठीत कोंबली आणि मला चांगली फैलावर घेतली. एक अक्षर कळलं नाही, पण 'चि' कळलं.

"होतं देणंघेणं," मी म्हणाले. "नोटेपुरतं."

"सुरुवात नोटेपासूनच होते," मावशी म्हणाली.

मग तिने मला विचारलं, की त्या नऊ तासांत मला मिळालं काय. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. मी होआन किएम तळ्याच्या काठी बसले होते. त्या नावाचा अर्थ परत केलेल्या तलवारीचं तळं. राजा ले लोइने लढाई जिंकल्यावर देवाची तलवार तळ्यातल्या कासवाच्या हवाली केली अशी कथा आहे. लाल लाकडी पुलावरून लोक देवळात जात होते. मी कुठे आहे हे पृथ्वीवर कोणालाच ठाऊक नव्हतं. पहिला तास मला हे फार आवडलं. आणि दुसऱ्या तासात माझ्या लक्षात आलं की मी मनातल्या मनात वाक्यं जुळवते आहे: आई, इथे एक तळं आहे, त्याची गोष्ट ऐक.

"फोन बंद ठेवून ताईशीच बोलत होतीस."

"पण तिने मध्ये बोलायचं नव्हतं. त्याची मजा होती. ती मी नाकारणार नाही."

"नाकारू नकोस. मीही घाटात तुझ्या काकांशीच भांडत होते. उलट उत्तर येत नव्हतं, केवढी शांतता."

पावटा संपला. मावशी परात घेऊन उठली, तेव्हा उरलेलं सांगून टाकलं. संध्याकाळी सातला मी फोन चालू केला तो आईसाठी नव्हे. सगळ्या हांग गल्ल्या अंधारात सारख्या दिसायला लागल्या होत्या, मला हॉस्टेल सापडत नव्हतं, नकाशा हवा होता. तो उघडायच्या आत एकवीस मिस्ड कॉल दिसले.

"हे ताईला सांगू नकोस," मावशी म्हणाली आणि आत गेली.

फेब्रुवारीत मी पुन्हा जाणार आहे, या वेळी दक्षिणेला, सायगॉनला. लोकेशन लावणार नाही. रोज रात्री नऊला एक फोन, त्याआधी कोणी शोधायचं नाही आणि त्यानंतर मी चुकायचं नाही, असं आईशी ठरलं आहे. तिने एवढंच विचारलं, नऊ इथले की तिथले?

इथले, मी म्हणाले. तिथे तेव्हा साडेदहा वाजलेले असतात.