नऊ मुलांची शाळा

आपल्या मुलास घराजवळच्या साध्या शाळेंतून काढून दूरच्या व अधिक खर्चाच्या शाळेंत घालणें ही ज्याच्या त्याच्या घरची बाब आहे, कीं तींत शेजाऱ्याच्या मुलाचाही कांहीं हक्क गुंतलेला असतो? प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु नगर जिल्ह्यांतील ज्या खेड्यांत मी राहतों तेथें तो रोज सकाळीं पावणेआठ वाजतां रस्त्यावर येऊन उभा राहतो. दोन पिवळ्या बसगाड्या वडाच्या पारापाशीं थांबतात, गळ्यांत टाय बांधलेलीं चाळीसएक मुलें त्यांत चढतात, आणि धुरळा खालीं बसल्यावर ओढ्याच्या अलीकडे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेंत नऊ मुलें उरतात. एके काळीं त्या पटावर पन्नासांवर नांवें होतीं. गांवांतलीं मुलें कमी झालीं नाहींत. त्यांची वांटणी झाली.

त्या शाळेचें वर्णन आधीं करणें भाग आहे, कारण तिच्याविषयीं बोलणारे पुष्कळ असून तिच्या पडवींत तासभर बसलेले थोडे आहेत. दोन खोल्या, एक पडवी, पुढें चिंचेचें झाड. पहिलींत तिघें, दुसरींत दोघें, तिसरींत एकटा एक मुलगा, आणि चवथींत तिघी मुली. शिकवावयास एक बाई व एक गुरुजी. गुरुजी मतदारयादीच्या कामास गेले म्हणजे चारही इयत्ता बाईंच्या पदरांत पडतात. मग पहिलीचीं मुलें फळ्यापाशीं, दुसरीचीं पाढ्यांस, तिसरीचा एकटा मुलगा खिडकीजवळ आपल्या गणितांत, अशी व्यवस्था लागते. श्रावणांत एके दिवशीं मी तेथें बसलों असतां चवथींतील एक मुलगी पहिलींतल्या मुलाचा हात धरून त्याच्याकडून 'ळ' गिरवून घेत होती. गिरवितां गिरवितां ती एकाएकीं थांबली, आपल्या वहीकडे पाहिलें, व स्वतःचाच 'ळ' खोडून पुन्हां काढला. तीन वर्षें तो ती चुकीचा काढीत होती आणि तें कोणाच्या लक्षांत आलें नव्हतें.

या रीतीस आज उणीव म्हणतात. आमच्या पंतोजींच्या शाळांत मात्र हीच रीत होती; धूळपाटीवर बोटानें अक्षरें काढीत आणि थोरलीं मुलें धाकट्यांकडून घोकवून घेत. १७८९ सालीं मद्रासेस अनाथ मुलांच्या शाळेवर नेमलेल्या अँड्र्यू बेल नांवाच्या पाद्र्यानें देशी शाळेंतील मुलांस वाळूंत अक्षरें काढतांना पाहिलें, व आपल्या शाळेंत तसेंच करून मोठ्या मुलांकरवीं लहानांस शिकविलें. पुढें ती पद्धति मद्रासच्याच नांवानें विलायतेंत पसरली. तेथें तिचा उपयोग एका मास्तरावर शेंकडों मुलें भागविण्याच्या काटकसरीसाठीं झाला, ही गोष्ट निराळी. नऊ मुलांच्या शाळेंत काटकसर नसते. तेथें धाकट्याला थोरलीचें नांव, तिचें घर, तिची शेळी कोणती, हें सर्व ठाऊक असतें, आणि तिला त्याचा बाप कोणत्या दिवशीं पिऊन येतो हें ठाऊक असतें. त्या दिवशीं ती त्याला 'ळ' गिरवावयास लावीत नाहीं.

दुपारीं खिचडी होते. शाळेंतील पोषण आहाराची योजना १९९५ सालीं निघाली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ सालच्या हुकुमानंतर शिजविलेलें अन्न मिळूं लागलें. आमच्या शाळेंत स्वयंपाक करणारी बाई मातंग समाजांतील विधवा आहे. तिला नेमलें त्या वर्षीं तीन घरांनीं आपल्या मुलांस डबे बांधून दिले होते. आज ज्या क्रमानें हात धुवून होतात त्या क्रमानें नऊही मुलें एका रांगेंत बसतात. त्यांत भिल्लांचीं दोन आहेत, धनगराचें एक, मातंग वस्तींतलीं तीन, ख्रिस्ती घरांतलीं दोन, आणि कोरडवाहू दोन एकरांवर पोट भरणाऱ्या एका मराठा शेतकऱ्याची मुलगी. गांवांत विहिरी निराळ्या होत्या, मसणवटे अजून निराळे आहेत. रांग एक असलेली जागा मला तरी दुसरी माहीत नाहीं.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं लहान शाळा ही आपोआपच चांगली असते असें माझें म्हणणें आहे. तसें नाहीं. १८५६ सालीं धारवाड येथें एका महार मुलानें सरकारी शाळेंत प्रवेश मागितला असतां तो त्यास मिळाला नाहीं. डॉ. आंबेडकर साताऱ्यास लहानपणीं शाळेंत जात, तेव्हां त्यांना कोपऱ्यांत घरून आणलेल्या गोणपाटावर बसावें लागे, आणि नळ सोडणारा शिपाई नसला तर पाण्यावांचून राहावें लागे. हें त्यांनीं स्वतः लिहून ठेविलें आहे. आपल्या मंडळ्यांतील कित्येकांच्या पणजोबांनीं मिशनच्या खेड्यांतील चिमुकल्या शाळेंत मुळाक्षरें गिरविलीं त्याचें एक कारण हेंच, कीं दुसरीकडे त्यांना कोणी उंबऱ्याच्या आंत घेत नसे. म्हणजे तिचें लहानपण दुसऱ्यांच्या निष्ठुरपणाचें फळ होतें. कोल्हापूर संस्थानांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, आणि १९१९ सालीं अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून तीं मुलें इतरांच्या शाळांत घेण्याचा हुकूम काढिला. शाळा बंद करणें हेंही कधीं कधीं न्यायाचें काम असतें तें असें.

पण हा इतिहास मनांत ठेवून पावणेआठच्या बसकडे पाहिलें म्हणजे मला चैन पडत नाहीं. कोणी हुकूम काढिला नाहीं, कोणाच्या तोंडून अपशब्द गेला नाहीं, आणि तरी गांवांत पुन्हां एक वेगळी शाळा उभी राहिली आहे. ज्यांच्याजवळ फी आहे ते बसमध्यें. ज्यांच्याजवळ नाहीं ते चिंचेखालीं. ती एक रांग, जिचें मी एवढें कौतुक केलें, ती खरोखर कोणाकोणाची आहे? पाटलाचें मूल तींत नाहीं, दुकानदाराचें नाहीं, ग्रामसेवकाचें नाहीं. आणि सांगावयास लाज वाटते, पण पाळकाचेंही नाहीं. ज्यांच्याशीं रांग मोडण्याचा प्रश्न होता ते सर्व रांगेंतून उठून गेले आहेत.

सरकारचाही एक हिशेब आहे. २०२३ सालीं वीसांहून कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव महाराष्ट्रांत मागविण्यांत आले, त्या वेळीं अशा शाळा राज्यांत चौदा हजारांवर होत्या. या योजनेस नुसत्या शिव्या देणें सोपें आहे. मला तें प्रामाणिक वाटत नाहीं. नऊ मुलांत कबड्डीचे दोन संघ होत नाहींत. तिसरींतला तो एकटा मुलगा आपलें गणित बरोबर आलें कीं नाहीं हें कोणाच्या वहींत डोकावून पाहणार? त्याच्या वर्गांत भांडावयास कोणी नाहीं, कट्टी घ्यावयास कोणी नाहीं, पहिला नंबर आला तर हरावयासही कोणी नाहीं. मोठ्या शाळेंत वाचनालय असेल, मैदान असेल, प्रत्येक इयत्तेस शिक्षक असेल. हें सर्व खरें आहे.

तथापि हिशेबांत एक गोष्ट धरलेली नसते, ती म्हणजे वाट. १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आलेल्या शिक्षण हक्काच्या कायद्याखालीं पहिली ते पांचवीच्या मुलास एक किलोमीटरच्या आंत शाळा असावी असा नियम झाला, तो कांहीं उगाच नव्हे. आमचा ओढा भाद्रपदांत दोन दोन दिवस उतरत नाहीं. सहा वर्षांची मुलगी त्या पाण्यापलीकडे एकटी धाडावयास कोणती आई तयार होईल? आणि ऊसतोडीस किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांतलें मूल दिवाळीनंतर एकदां लांबच्या शाळेंतून तुटलें म्हणजे त्याला हांक मारावयास येणार कोण? आमच्या बाई वस्तीवर जाऊन हांक मारतात, कारण वस्ती त्यांच्या खिडकींतून दिसते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं ठाणें जिल्ह्यांत बोर्डी व कोसबाड येथें आदिवासी मुलांसाठीं काम करितांना गुरें राखणाऱ्या मुलांकडे कुरणांत शाळा नेली होती. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेनें मुलाकडे जावें, हा त्यांचा हिशेब उलट टोंकाकडून मांडलेला होता, आणि माझ्या मतें तोच सरळ होता.

नऊ मुलांवर दोन पगार खर्ची पडतात, असें एक गृहस्थ मला म्हणाले. १८८२ सालीं हंटर कमिशनापुढें जोतीराव फुले यांनीं निवेदन दिलें, त्यांत सरकारचें उत्पन्न बहुतेक शेतकऱ्याच्या कष्टांतून येतें आणि शिक्षणावरचा पैसा मात्र वरच्या वर्गांच्या मुलांवर सढळपणें जातो, अशी तक्रार होती. भिल्लाच्या मुलावर अर्धा मास्तर खर्च झाला तर तो कोणाच्या खिशांतून गेला हें त्या गृहस्थांस मीं विचारावयास पाहिजे होतें. विचारलें नाहीं, कारण माझा मुलगा त्यांच्याच मुलाबरोबर बसमध्यें असतो.

आतां आपल्या घराकडे वळतों. बापाचें पहिलें कर्तव्य आपल्या मुलाविषयीं आहे, हें मी नाकारीत नाहीं. तत्त्वासाठीं मुलाचें नुकसान करणारा बाप मला आवडत नाहीं; तत्त्व त्याचें आणि नुकसान मुलाचें, अशी ती वांटणी होते. दोन वर्षांपूर्वीं मीं मुलास तालुक्याच्या इंग्रजी शाळेंत घातलें तें याच विचारानें. तो इंग्रजी कविता धडाधड म्हणतो, आणि तिचा अर्थ विचारला तर माझ्याकडेच पाहतो. पण तें जाऊं द्या.

ज्या गोष्टीचा मीं त्या वेळीं विचार केला नाहीं ती मला एका शेतमजूर बाईनें सांगितली. शाळेचे पत्रे गळत होते, पुस्तकांवर पाणी पडत होतें, आणि महिनाभर कोणी विचारीत नव्हतें. ती वाटेंत भेटली तेव्हां मीं म्हटलें, "बाई, तुम्ही समितींत आहां, पंचायतींत अर्ज कां देत नाहीं?" ती म्हणाली, "पाळकसाहेब, अर्ज लिवनारी मानसं समदी बसमागं गेली. आमी आंगठं लावतो. आमच्या आंगठ्याला कोन भितंय?"

मीं त्याच रात्रीं अर्ज लिहून दिला, आणि पत्रे दिवाळीच्या आंत बदलले. एवढें तें सोपें होतें. पण तिच्या बोलण्यांतलें शल्य माझ्या मनांतून गेलें नाहीं. मीं शाळेंतून एक मूल काढलें असें मी समजत होतों. खरें पाहतां त्या मुलाबरोबर अर्ज लिहिणारा हात गेला, गुरुजी उशिरां आले तर ज्याला पाहून ते संकोचतील तो माणूस गेला, आणि हजेरीचा तक्ता वाचूं शकणारे डोळे गेले. शिक्षक वाईट झाले म्हणून आम्ही शाळा सोडली असें आम्ही म्हणतों. आम्ही सोडली म्हणून शिक्षकांस विचारणारें कोणी उरलें नाहीं, हेंही तितकेंच खरें असेल. कायद्याप्रमाणें शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद तेथें शिकणाऱ्या मुलांचे पालकच असले पाहिजेत. मूल बसमध्यें बसवून मी त्या समितींत पालक म्हणून बसूं म्हटलें तर बसतां येणार नाहीं, आणि तसा नियम आहे हें योग्यच आहे. गळक्या छपराखालीं ज्याचें मूल नाहीं त्याचा अर्ज ही शेवटीं मेहेरबानी असते.

म्हणून यंदा धाकट्या मुलीस, जी आतां सहा वर्षांची झाली, ओढ्याच्या अलीकडच्या शाळेंत घालावें असें मीं ठरविलें, आणि मोठ्या समाधानानें पत्नीस सांगितलें. तिनें भाजी निवडतां निवडतां विचारलें, "अहो, मुलाला फीची शाळा आणि मुलीला फुकटची, हें तुमचें तत्त्व का? मग गांवांत दुसरे काय करतात?"

मला उत्तर सुचलें नाहीं. माझ्या गांवांत तीन घरें अशीं आहेत कीं ज्यांतला भाऊ बसनें जातो व बहीण चिंचेखालीं शिकते, आणि त्या घरांस मीं एकदां उपदेशही केला होता. थोड्या वेळानें ती म्हणाली, "घालावयाचें तर दोघांनाही घाला. त्यालाही मराठी धड वाचतां येत नाहीं."

मुलगा जूनमध्यें तिसरींत जाईल. तो एकटा मुलगा, जो यंदा तिसरींत होता, तो चवथींत जाईल, म्हणजे आमचा मुलगा दुसरींतून वर येणाऱ्या त्या दोघांबरोबर तिसरा बसेल. इंग्रजी मागें पडेल अशी मला भीति आहे. ती खोटी आहे असें मी म्हणत नाहीं. मुलाला अद्याप सांगितलें नाहीं. बाईंकडून प्रवेशाचे दोन अर्ज आणून ठेविले आहेत, आणि त्यांपैकीं एकावर मुलीचें नांव लिहून झालें आहे.