घेतलेले आणि जुळवलेले

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एक वाद झाला. नातवाला खेळांसाठी शक्तिशाली संगणक हवा होता. माझ्या मुलाचे म्हणणे, नामांकित कंपनीचा तयार संच घ्यावा. एकच पावती, एकच हमी, बिघडला तर एकाच दारी जायचे. नातवाचे म्हणणे, हैदराबादहून सुटे भाग आणून घरीच जोडावा. त्याच पैशांत ग्राफिक्स कार्ड अधिक चांगले बसते आणि पुढे हवा तो भाग बदलता येतो. हिशेब दोघांचेही बरोबर होते. मला मात्र निराळाच प्रश्न पडला. ज्यातला एकही भाग आपण बनविला नाही, ती वस्तू केवळ जोडली म्हणून ‘आपण घडविली’ असे म्हणता येते का?

आपण बीदरकरांनी तरी हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. बिदरीच्या सुरईतले जस्त, तांबे वा चांदी यांपैकी काहीच बीदरच्या भूमीत निघत नाही. आपली असते ती किल्ल्यातली माती. नवसागरासह ती लावली की धातू काळा पडतो आणि कोरीव रेषांत ठोकून बसविलेली चांदी तेवढी उजळ राहते. तरीही २००६ साली त्या कलेला भौगोलिक मानांकन मिळाले ते बीदरच्याच नावाने.

देशाच्या पातळीवरही असेच घडले आहे. १९८० च्या दशकात भारताने अमेरिकेकडे महासंगणक मागितला. हवामानाच्या अंदाजासाठी क्रे कंपनीचा एक्स-एमपी १४ मिळाला, तोही वापरावरील अटींसह; त्याहून शक्तिशाली यंत्र नाकारले गेले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला. त्यातले ट्रान्सप्युटर मात्र इनमॉस या ब्रिटिश कंपनीचे होते. म्हणून ‘परम’ परका ठरतो काय? मला तसे वाटत नाही. अनेक प्रक्रियकांना एकाच कामाला एकत्र जुंपण्याची मांडणी आपल्या माणसांची होती, आणि ती फसली असती तर दोषही त्यांनाच घ्यावा लागला असता. ज्या जुळवणीचा जाब आपण देतो, ती आपली.

याचा अर्थ तयार वस्तू घेणारा कमी योग्यतेचा, असा नव्हे. अंगावरचे कापड आपण विणत नाही, औषध कुटत नाही. विश्वासावाचून संसार चालत नाही, आणि संगणकाच्या हमीपत्रात तर कंपनी ठरावीक मुदतीपुरता जाबही पत्करते. परंतु ही सवय सर्वत्र लागू केली की घोटाळा होतो.

नोकरीत असताना दुष्काळी मदतीची एक यादी खालून तयार होऊन आली. जोडपत्रे न पाहता मी सही केली. एका कोरडवाहू शेतकऱ्याचे नाव सुटले आणि तो तीन महिने कचेरीत हेलपाटे घालीत राहिला. ‘यादी खालून तशीच आली,’ असे मी त्याला सांगितले. बोललो ते खरे होते. पण ते उत्तर नव्हते. सही माझी होती.

असो. अखेर नातवाचेच चालले. सगळे भाग जोडून झाले, पंखे फिरू लागले, पण पडदा काळाच. मुलगा म्हणाला, ‘दुकानदाराने खराब माल दिला असेल.’ पोरगा काही न बोलता दोन तास एकेक जोड तपासत बसला. मग उठून माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘आजोबा, प्रोसेसरची वायर मीच लावायला विसरलो होतो.’

त्या शेतकऱ्याला मी इतके सरळ वाक्य कधी ऐकविले नाही. संगणक तयार घ्यावा की जुळवावा, हे ज्याने त्याने आपली सवड आणि आवड पाहून ठरवावे. एवढे खरे की, त्या दोन तासांत नातू जे शिकला, ते शिकायला मला निवृत्तीपर्यंतचा काळ लागला.