कातडीला जात कळत नाही, मग कळते कुणाला?

गावात वाण्याच्या दुकानात माय पैसे फळीवर ठेवायची. वाणी वरून पुडी टाकायचा. पुडी खाली पडायच्या आत झेलायची, हे माझं पहिलं शिक्षण. पैसे मात्र तो उचलायचा, मोजायचा, कपाळाला लावून गल्ल्यात टाकायचा. नाण्याला मायच्या मुठीची ऊब असायची. ती चालायची. हात चालायचा नाही.

मागं एका अभ्यासवर्गात एक शिकलेला सवर्ण मित्र म्हणाला, "शिवाशिव चूकच. पण किळस ही शरीराची गोष्ट आहे. मन मानतं, अंग आक्रसतं. त्याला मी काय करू?" पोरं चिडली. मी गप्प बसलो. मला त्याला उत्तर द्यायचं होतं, आणि ते शिवीत मिळणारं नव्हतं. म्हटलं, अंगालाच विचारू.

दोस्तहो, अंगाचा कारभार असा आहे. कातडी दाबली की खालच्या मज्जातंतूच्या टोकाचं आवरण ताणतं. त्या आवरणात बारीक दारं आहेत, त्यातल्या एकाचं नाव पिझो-दोन. दार उघडतं, विद्युतभारित कण आत शिरतात, विजेचा संदेश निघतो. या दारांचा शोध २०१० साली लागला, आणि २०२१ साली आर्डेम पटापौटियन यांना डेव्हिड ज्युलियस यांच्यासोबत नोबेल मिळालं. संदेश पाठीच्या कण्यातून वर चढतो, वाटेत बाजू बदलतो, डाव्या हाताची खबर उजव्या मेंदूत पोचते. जाड तंतूतली खबर सेकंदाला ५० मीटरच्या आसपास पळते. मायेनं कुरवाळल्याची खबर नेणारे बारीक तंतू वेगळे. ते सेकंदाला मीटरभर, बैलगाडीच्या चालीनं जातात. पण या साऱ्या वाटेवर जातीचा दाखला मागणारा नाका कुठंच नाही. वाण्याच्या बोटातही तेच दार, मायच्या बोटातही तेच.

इथं टाळ्या घेऊन थांबणं लबाडीचं होईल. कारण पुढं मेंदू आहे, आणि मेंदू नुसता टपालवाला नाही. २०१२ साली छापलेला एक प्रयोग आहे. यंत्रात झोपवलेल्या पुरुषांच्या पायावरून हात फिरवला. चित्रफितीत त्यांना कधी बाई दिसे, कधी बाप्या. खरा हात दरवेळी बाईचाच होता. तरी मेंदूतला स्पर्शाचा पहिला मुक्काम दोन्ही वेळेस वेगळं बोलला. हात तोच, पण कुणाचा आहे हे डोळ्यानं सांगितलं आणि स्पर्श बदलला.

म्हणजे तो मित्र खोटं बोलत नव्हता. त्याचं अंग खरंच आक्रसत असेल. पण कशानं? एस.टी.त तीन तास खांद्याला खांदा लावून माणूस झोपतो. मग जागा होऊन विचारतो, "आडनाव काय म्हणालात?" आणि सरकून बसतो. तीन तास कातडीची तक्रार नव्हती. तक्रार आडनावाची होती. आणि रात्री आमच्या बायाबापड्यांवर हात टाकताना ही किळस कुठं जाते, हेही विचारा. विटाळ कातडीत असता तर तो दिवसरात्र बघत बसला नसता.

जे शिकवलंय ते बदलतं. १९९५ सालच्या एका अभ्यासात दिसलं की तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या डाव्या बोटांना मेंदूत इतरांपेक्षा जास्त जागा असते. रियाजानं मेंदूतला नकाशा बदलतो. भाषणं ऐकून तो बदलत नाही, हात चालवावा लागतो.

हे लिहून मी तोऱ्यात उठणार होतो. मग माझंच अंग आठवलं.

वसतिगृहात माझा एक मातंग मित्र होता. त्याचा बाप हलगी वाजवायचा. सुट्टीत त्याच्या घरी गेलो. वैशाखाचं ऊन. त्याच्या आईनं तांब्या पुढं केला. माझा घसा कोरडा पडलेला, आणि मी म्हणालो, "नको मावशी, तहान न्हाई." घरी मला कुणी असं शिकवलं नव्हतं. पण त्या वस्तीतून आम्ही कधी काही घेत नव्हतो, एवढं अंगाला ठाऊक होतं. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणाले ती पुस्तकात वाचली होती. माझ्या घशात आहे हे तेव्हा कळलं. वाण्याची फळी माझ्या डोक्यातही ठोकलेली होती.

"अंग आक्रसतं, मी काय करू" हे वाक्य मग माझंही झालं. म्हणून उत्तरही मलाच द्यावं लागलं. पहिलं आक्रसणं कदाचित माझ्या हातात नसेल. पण त्यानंतर हात मागं घ्यायचा की पुढं करायचा, हे माझ्या हातात आहे. नीती तिथून सुरू होते. घटनेच्या सतराव्या कलमानं १९५० साली अस्पृश्यता बंद केली. कायदा वाण्याला कोर्टात उभा करील, माझ्या घशाला कोण करणार? २० मार्च १९२७ ला महाडला माणसं तळ्यात उतरली, तेव्हा बाबासाहेबांनी आधी स्वतः ओंजळ भरली. आधी ठराव आणि मग कधीतरी पाणी, असं त्यांनी केलं नाही.

परवा त्या मित्राच्या घरी गेलो. मावशी आता नाही. मी स्वतःहून पाणी मागितलं. तो हसला. म्हणाला, "आता लागली व्हय रं तहान?"

पाणी गार होतं. गिळायला वेळ लागला.

दोस्तहो, सवर्णांना प्रश्न विचारायचेच आहेत, विचारूच. पण तुम्ही कुणाच्या दारात तहान नाही म्हणालात, ते आधी आठवा. आणि तिथं जा.

जय भीम.