एकदा आयएलआर होऊ दे

इंग्लंडमधल्या स्लाऊ, हौन्स्लो, रेडिंग इथल्या मराठी घरांत हे वाक्य वारंवार कानावर येतं: "एकदा आयएलआर होऊ दे, मग बघू." आयएलआर म्हणजे 'इंडेफिनिट लीव्ह टू रिमेन', ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी. काय बघायचं, ते बहुधा ठरलेलं असतं. आयटी सोडून कुणाला शाळेत गणित शिकवायचं असतं, कुणाला स्वतःचं काही सुरू करायचं असतं.

थांबणाऱ्याला भित्रा म्हणू नये. स्किल्ड वर्कर व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी सुटली की साधारण 60 दिवसांत नवा स्पॉन्सर शोधायचा, नाहीतर गाशा गुंडाळायचा; जोडीदार आणि मुलं यांचे व्हिसाही त्याच दाव्याला. शिक्षक होण्यासाठी पीजीसीई हा वर्षभराचा अभ्यासक्रम करावा, तर स्टुडंट व्हिसावरचं वर्ष आयएलआरच्या पाच वर्षांत धरत नाहीत. चौघांचा मुक्काम एकाच्या नोकरीवर असेल, तर धाडस हा त्या एकाचा खासगी मामला उरत नाही.

मात्र थांबण्याथांबण्यात फरक असतो.

1917 च्या उन्हाळ्यात बाबासाहेब आंबेडकरांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. चार वर्षांच्या आत पुन्हा लंडनला येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा तेवढी मिळाली होती. वेगळ्या जहाजाने पाठवलेली पुस्तकं पाणतीराच्या हल्ल्यात समुद्रात गेली. बडोद्याच्या नोकरीत अपमान वाट्याला आला, राहायला जागासुद्धा मिळेना. 1918 च्या नोव्हेंबरात ते मुंबईला सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार चांगला, पद मानाचं. इथेच स्थिरावले असते तर कुणी नावं ठेवली नसती. पण त्या पगारातून ते लंडनसाठी पैसे बाजूला टाकत राहिले. मधल्या काळात मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, 1920 च्या जानेवारीत 'मूकनायक' हे पाक्षिक काढलं. त्याच वर्षी राजीनामा दिला. शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचं कर्ज घेऊन पुन्हा लंडन गाठलं. मागे संसार रमाबाईंनी ओढला, हे विसरून ही गोष्ट सांगू नये. 1923 मध्ये डी. एस्सी. हाती आली.

लांबणीवर टाकलेल्या गोष्टीसाठी दर महिन्याला काहीतरी खर्ची पडत असेल, पैसा, वेळ, झोप, तरच ती जिवंत असते. नुसती आठवण निघत असेल, तर ती आपण सोडली आहे आणि स्वतःला सांगितलेलं नाही.

दुसरी गोष्ट मुदतीची. बाबासाहेबांना चार वर्षांची हद्द होती. इथे 2025 च्या मे महिन्यात ब्रिटिश सरकारने श्वेतपत्रिका काढली आणि आयएलआरसाठीच्या पाच वर्षांची दहा वर्षं करण्याचा बेत मांडला. पाच वर्षं थांबायचं, असा निर्णय एकदा घेतला होता. दहा थांबायचं, हा निर्णय वेगळा आहे. तो नव्याने, सगळ्यांना समोर बसवून घ्यायला हवा. पस्तिशीतली पाच वर्षं आणि चाळिशीतली पाच वर्षं सारखी नसतात. नियम सरकला म्हणून आपली तारीख आपोआप सरकू दिली, तर आपलं वय दुसऱ्याच्या हाती जातं.

आणि थांबतानाही करण्यासारखं असतं. या व्हिसावर विनामोबदला स्वयंसेवा चालते. गणित शिकवण्याची ओढ असणाऱ्याने शनिवारी एखाद्या वर्गात उभं राहावं. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश, यावर "तीनापेक्षा चार मोठे, म्हणून एक चतुर्थांश," असं दहा वर्षांची मुलगी ठामपणे सांगते. तिला कागदाची पट्टी घडी घालून दाखवायची, तरी ती मान हलवते, मग दुसरी पट्टी घ्यायची. अशा वेळी जीव रमतो की घड्याळाकडे नजर जाते, हे कळायला आयएलआर लागत नाही.

वर्षभर असं करून कुणाला वाटेल की आपली आहे ती नोकरीच बरी. तसं वाटणं कमीपणाचं नाही. मात्र ते घरी स्पष्ट सांगावं, म्हणजे पीजीसीईच्या वर्षासाठी जोडीदाराने काटकसर करून साठवलेले पैसे तिला किंवा त्याला हवं ते करायला मोकळे होतील.